बांगड्या ऐकणारा हवालदार

वामनकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते काडतुसांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत हिरव्या बांगड्या रचत होते. सव्वादोनच्या एका बाजूला, अडीचच्या दुसऱ्या बाजूला, मधे वर्तमानपत्राची घडी. अंगात बंडी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि चेहरा असा की समोरच्याने चूक केलेलीच आहे, फक्त ती कोणती हे अजून शोधायचंय.

मला वाटलं, कासार आहे. मी विचारलं, "ते नेमबाजीचे वामन हवालदार कुठे भेटतील?"

"समोरच हायेत," ते म्हणाले आणि बांगड्या रचत राहिले.

हे आगाशीतल्या एका बंद पडलेल्या भातगिरणीत. गिरणीच्या लांब शेडमध्ये नेमबाजीचा क्लब चालायचा. एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला वाळूची पोती आणि कागदाची लक्ष्यं. काका मूळचे जूचंद्रचे, खाडीकाठच्या शेतकरी घरातले. पोलिसांच्या शस्त्रागारात त्यांनी तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर क्लबाने त्यांना शस्त्रं सांभाळायला ठेवलं. आयुष्यात त्यांनी हजारो बंदुका खोलल्या असतील, पण गोळी झाडली ती फक्त दुरुस्ती नीट झाली का ते बघायला. "मारायचा शौक मना कदी नव्हता," ते म्हणत. "मना खोलायचा शौक."

आणि मी तिथे काय करत होते? नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरारला आमच्या सोसायटीत एका महिन्यात दोन फ्लॅट फुटले. गच्चीवर महिलांची सभा भरली आणि एकमताने ठरलं की आपण शस्त्र चालवायला शिकायचं. त्या सभेत सर्वांत मोठ्या आवाजात मी बोलले होते. वय चव्वेचाळीस, नोकरी सरकारी कचेरीत टंकलेखिकेची, आणि स्वतःबद्दलचा समज असा की रणरागिणी जन्माला यायची होती, चुकून टायपिंगला लागली. पहिल्या रविवारी आम्ही चौदा जणी गेलो, दुसऱ्या रविवारी पाच, तिसऱ्या रविवारी मी एकटी. क्लबात शिकवायचे ते छर्ऱ्याचं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल. त्याने चोर मेला नसता, फार तर त्याची झोप उडाली असती. पण हे मी सोसायटीत कोणाला सांगितलं नाही.

काकांनी पहिल्या दिवशी मला पिस्तूल दिलंच नाही. खाकी कागदावर माझा उजवा हात ठेवायला सांगितला, पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढली, खाली नाव लिहिलं आणि कागद भिंतीवर डकवला. भिंतीवर असे पन्नासेक हात होते. पुढे कळलं, नवीन माणूस आला की काका आधी त्या भिंतीसमोर उभे राहतात आणि याचा हात कोणासारखा आहे ते शोधतात. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. आमच्या चिटणीसांना ते कायम "आखूड आंगठा" म्हणत.

मग त्यांनी विचारलं, "हात दुखतो?"

मी म्हटलं, मुळीच नाही.

बावीस वर्षं टाइपरायटर बडवून माझा अंगठा मुळाशी असा दुखायचा की लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडत नसे. मी ती बरणी यजमानांकडे देई, वर "हे पुरुषांचं काम" असं म्हणून. यजमान ती शेजारी घेऊन जात. पण हवालदाराला हे सांगायची काय गरज?

काकांनी कपड्यांचा लाकडी चिमटा पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट यांत दाबून उघडा धरायचा, ते चहा संपवेपर्यंत. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, पहिला घोट घेतला आणि माझा चिमटा टपकन मिटला. त्यांनी उठून पेन्सिलीने भिंतीवरच्या माझ्या अंगठ्यावर एक बारीकशी फुली मारली.

त्यांची खरी परीक्षा बांगड्यांची. उजव्या हातात काचेच्या चार बांगड्या चढवायच्या, पिस्तूल घेऊन हात खांद्याच्या रेषेत लांब करायचा आणि उभं राहायचं. काका आपल्याकडे पाठ करून स्टुलावर बसत. बघायचं नाही, ऐकायचं. बांगड्या किणकिणल्या की ते पिस्तूल त्या हाताचं नाही. हलकं आणा. किंवा तेवढ्याच वजनाचं आणा, पण ज्याचं वजन नळीच्या टोकाला नसून मुठीजवळ आहे असं. पाठ का, असं मी विचारलं तर म्हणाले, "तोंड नाटक करता, बाय. बांगडी नाय करत."

कमी ताकदीच्या हाताला पिस्तूल कसं निवडावं, याचं त्यांचं सगळं शास्त्र दोन-चार वाक्यांत मावायचं. मूठ एवढीच जाड हवी की मधलं बोट वळसा घेऊन अंगठ्याला भेटलं पाहिजे. चापावर बोटाचं पहिलं पेर आपोआप पोचलं पाहिजे, ताणून नाही. चाप हलका हवा, पण इतका नको की शिंक आली तरी सुटेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, जे दुकानदार कधी सांगत नाही: "जोर मारताना नाय लागत, भरताना लागतो. भरून बघ, मंग पसंत कर."

इतकं सोपं शास्त्र, पण क्लबातल्या तीसेक पुरुष सभासदांपैकी एकालाही ते लाभलं नाही. कारण उघड आहे. पुरुषाने हातात बांगड्या घालायच्या? आपल्याकडे माणसाला याहून मोठी शिवी नाही. त्यामुळे पुरुष आपापली पिस्तुलं डौलावरून निवडत, आणि एक सद्गृहस्थ तर पाच वर्षं इमानाने शेजारच्याच्या लक्ष्यावर छर्रे मारत होते.

त्या काळात आमच्याकडे भातशेतांतून इमारती उगवत होत्या, आणि जमिनीचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला कमरेला काहीतरी हवंसं वाटे. असेच एक शेठ एकदा जीपमधून आले. बरोबर चार माणसं, दहा बोटांत सात अंगठ्या. परवाना मिळाला होता, आता रिव्हॉल्व्हर कुठलं घ्यावं याचा सल्ला हवा होता. नमुन्याला एका मित्राचं आणलं होतं आणि मित्रही सोबत होता. काकांनी ते उघडलं, रिकामं आहे हे दोनदा पाहिलं, वाळूच्या पोत्याकडे तोंड करून शेठच्या हातात दिलं आणि चाप दहा वेळा ओढायला सांगितला.

पहिल्यांदा झकास. चौथ्यांदा नळी पोत्याच्या बुडाकडे बघू लागली. सातव्यांदा शेठनी दुसऱ्या हाताचं बोट मदतीला घेतलं.

काकांनी नीट समजावलं. या प्रकारात चापच घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी हातोडी, मागे नेतो, म्हणून तो जड असतो. दर वेळी आधी अंगठ्याने घोडा मागे घ्याल तर चाप हलका लागेल, पण तुमचा अंगठाही कमजोर आहे. नळीवरचा खटका मागे ओढून भरायचं पिस्तूल घ्याल तर तो खटका तुमच्याने ओढवणार नाही. तेव्हा लहान मुठीचं, मऊ चापाचं बघा, आणि घेण्याआधी या चार बांगड्या घालून हात लांब करा, मी ऐकतो.

शेठची चारही माणसं गिरणीचे पत्रे निरखू लागली.

"हवालदार," शेठ म्हणाले, "मी काय हातात बांगड्या भरल्यात?"

"नाय भरल्या, म्हनूनच तर समजत नाय," काका म्हणाले. टोमणा नव्हता तो. डॉक्टर जीभ दाखवा म्हणतो, तसा सूर.

शेठनी बाजारातलं सर्वांत मोठं घेतलं. पुढे जूचंद्रला एका हळदीत ते दिसले. रिव्हॉल्व्हरच्या भाराने पँट खाली येत होती, म्हणून संध्याकाळभर ते एक हात कमरेवर ठेवून नाचले. लोकांना वाटलं, नाचण्याची नवी तऱ्हा आहे. दोन-तीन जणांनी उचललीही.

मी तेव्हा शेठना खूप हसले. माझी पाळी दोन महिन्यांवर आली होती.

झालं असं की क्लबात जसिंता आली. नंदाखालची, केळीच्या वाडीतली, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान. विहिरीच्या काठावरून पडून तिचं मनगट मोडलं होतं आणि हाडवैद्याने ते वाकडं बसवलं होतं. उजव्या मुठीत जोर म्हणून नव्हताच. डावा हात तिचा नेमाला कधी बसला नाही. काकांनी तिच्या हातात क्लबातलं सर्वांत हलकं, जुनं पिस्तूल दिलं, दर छर्ऱ्याला स्वतः भरून दिलं आणि पुन्हा पाठ करून बसले. बांगड्या वाजल्या नाहीत. ती नेम धरून होती तोवर मला वाटलं शेडमध्ये कोणी नाहीच. मग पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे लागले.

काका वळून लक्ष्याकडे गेले आणि त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. परत येताना पुटपुटले, "हातात जोर नाय, पन हात शांत हाय."

मला त्यांनी असं कधी काही म्हटलं नव्हतं. मला ते झोंबलं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या महिन्यात ठाण्याला जिल्ह्याच्या महिला संघाची निवड चाचणी होती. चाचणीत पिस्तूल स्पर्धकाने स्वतः भरायचं असतं, आणि क्लबाचं जुनं पिस्तूल स्पर्धेच्या लायकीचं नव्हतं. एका बिल्डरने देणगी दिली आणि नवं पिस्तूल घ्यायचं ठरलं. एकच. मुंबईच्या विक्रेत्याने दोन नमुने पंधरा दिवसांसाठी ठेवायला दिले.

एक होतं लांबलचक, काळंशार, आत लाल मखमल असलेल्या पेटीतलं. प्रत्येक छर्ऱ्याला बाजूचा दांडा उघडून परत दाबून मिटायचा, की आत हवा कोंडली जाते. ते दाबणं म्हणजे उसाच्या चरकाला हात लावणं. दुसरं आखूड, थोडं खरचटलेलं, नळीखाली गॅसचं छोटं नळकांडं. नळकांडं एकदा भरलं की प्रत्येक छर्ऱ्याला फक्त एक खिट्टी बोटाने उघडायची. वजन सगळं मुठीत. गॅस कुठला, तर सोडावॉटरच्या कारखान्यात असतो तोच.

झालं. समितीत त्याचं नाव पडलं सोडा-पिस्तूल. अध्यक्ष म्हणाले, दुसऱ्या क्लबांसमोर आपण फसफसणारं पिस्तूल घेऊन जायचं का? त्यांना मखमलवालं पसंत होतं. मलाही. त्या पेटीशेजारी उभं राहून फोटो कसा निघेल हे मी आरशासमोर पाहून ठेवलं होतं. काकांनी एवढंच सांगितलं की महिलांनाच वापरायचंय, तर महिलांच्या बांगड्या ऐकू आणि ठरवू.

त्या रविवारी मी लांब बाह्यांचं ब्लाउज घालून गेले. जसिंताने काळं पिस्तूल उचललं आणि बांगड्या देवळातल्या घंटेसारख्या वाजल्या. मग माझी पाळी. मी हात लांब केला. अंगठ्यातून कळ थेट खांद्यात गेली, हात लटलटत होता, पण आवाज? टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कारण बाहीच्या आत चारही बांगड्या मी केसांच्या दोन रबरांनी करकचून बांधल्या होत्या.

समितीने टाळ्या वाजवल्या. महिला हे पिस्तूल पेलू शकतात हे सिद्ध झालं, असा ठराव माझ्या नावानिशी लिहिला गेला. विक्रेता पुढच्या शनिवारी सोडा-पिस्तूल परत न्यायला येणार होता.

काका पाठमोरेच होते. ते हळूच म्हणाले, "बाय, जिवंत मानसाचा हात येवढा गप नसतो." बाकी कोणी ते ऐकलं नाही. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्या कलेत मी तेव्हा तरबेज होते.

मंगळवारी मी कचेरीतून रजा काढून सरावाला गेले. शेडमध्ये जसिंता बाकावर बसली होती. काळ्या पिस्तुलाचा दांडा तिने गुडघ्यावर टेकवला होता आणि दोन्ही हातांनी, वर छातीचा भार टाकून, तो मिटवायला बघत होती. मिटला एकदाचा. मग उभं राहून तिने हात लांब केला तर हात पानासारखा थरथरत होता. छर्रा पोत्यात गेला. ती पुन्हा बसली आणि पुन्हा गुडघ्यावर दांडा टेकवला. असं चाळीस वेळा करायचं होतं चाचणीत. मला पाहून ती हसली आणि म्हणाली, "तुम्हाला जमतं तर मलाही जमेल ना, ताई? सवय व्हायला पाहिजे."

तो हसरा चेहरा बघवेना. मी तडक काकांकडे गेले आणि रबरांची गोष्ट सांगून टाकली. वाटलं, ते रागावतील, मी रडेन आणि प्रकरण मिटेल. ते एका जुन्या पिस्तुलाचा चाप तेल लावून पुसत होते.

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "मना सांगून काय फायदा? मी मत देत नाय. जे देतात त्यांना सांग."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझा हात, तुझी बांगडी. मी कसा बोलू?"

शुक्रवारी मी तातडीची सभा बोलावायला लावली. चिटणीसांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं तशी मी उठले, चार बांगड्या मोकळ्या सोडल्या, काळं रिकामं पिस्तूल उचललं आणि भिंतीकडे हात लांब करून उभी राहिले. महिलांनी ते पेलल्याचा परिच्छेद आला तेव्हा बांगड्यांनी असा काही गोंगाट मांडला होता की चिटणीसांना आवाज चढवावा लागला.

"मॅडम, तो आवाज जरा बंद करा," अध्यक्ष म्हणाले.

"तो बंद केला होता, म्हणूनच तर ही सभा आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. अंगठा, झाकण न उघडणारी बरणी, रबरं. वयाची दोन वर्षं मी क्लबाच्या अर्जात कमी लिहिली होती, तेही त्या भरात सांगून बसले. ते कोणी विचारलं नव्हतं.

अध्यक्षांचं म्हणणं पडलं की मग दोष हाताचा आहे, पिस्तुलाचा नाही. हातांनी व्यायाम करावा. काकांनी शांतपणे विचारलं की भरतानाच जिचा जोर संपला, ती मारणार काय? आणि बांगड्यांची पेटी उघडून अध्यक्षांपुढे सरकवली. "साहेब, तुमी धरून दाखवा. तुमची अडीचची होईल."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. बाकीच्यांनी अध्यक्षांच्या घड्याळाकडे पाहिलं.

न्याय जिंकला, असं मला इथे लिहायला आवडलं असतं. पण तेवढ्यात खजिनदार, जे आतापर्यंत पेंगत होते, ते जागे झाले आणि त्यांनी विचारलं की हा सोड्याचा गॅस नेमका कुठून आणणार? कोणीतरी आगाशी बाजारातल्या कारखान्याचं नाव घेतलं. तो खजिनदारांच्या साडूचा निघाला. पाच मिनिटांत स्थानिक उद्योगाला उत्तेजन देण्याच्या हेतूने गॅसचं पिस्तूल घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. माझ्या अंगठ्याचा, जसिंताच्या मनगटाचा त्यात उल्लेखही नव्हता. काकांना त्याचं काही वाटलं नाही. घरी जाऊन त्यांनी फुटक्या काचेच्या तुकड्याने त्या पिस्तुलाची लाकडी मूठ खरवडायला घेतली, जसिंताच्या हाताचा कागद समोर ठेवून. चार दिवस घासत होते.

ठाण्याच्या चाचणीत पिस्तूल एक आणि आम्ही दोघी, म्हणून वेगवेगळ्या फेऱ्यांत उभ्या राहिलो. सकाळी मी. माझा क्रमांक मी सांगत नाही. खालून मोजला असता तर पदक मिळालं असतं.

दुपारी जसिंता. ती पिस्तूल उचलायची, नेम धरायची आणि न मारताच खाली ठेवायची. पुन्हा उचलायची, पुन्हा खाली. शेजारच्या मुली भराभर मारून मोकळ्या झाल्या. अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले की बाई घाबरली, सांगत होतो. मी काकांकडे पाहिलं. ते मागच्या भिंतीला टेकून खाली बसले होते.

"मीच सांगितलाय तिला," ते म्हणाले. "थकला तर खाली ठेव. खाली ठेवायला लाजू नको. लाजून मारतात, ते चुकतात."

वेळ संपायला दोनेक मिनिटं उरली असताना तिचे दोन छर्रे बाकी होते. तिने उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मग तिने उचललं आणि मारलं. पुन्हा उचललं, मारलं. गुणांच्या पाट्या उलटल्या, बेरजा झाल्या आणि संघातल्या तीन नावांत तिसरं नाव जसिंताचं निघालं.

पुढची धांदल काय सांगू. अध्यक्ष पुढे धावले, खजिनदारांनी साडूंना फोन लावला, कोणीतरी फोटोवाल्याला बोलावलं. जसिंता कुठे दिसेना म्हणून पिस्तूल माझ्या हातात दिलं गेलं आणि मला मधोमध उभं केलं गेलं. मी नको म्हटलं नाही. एवढ्यात सुधारेन अशी माझी ख्याती नाही.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. अध्यक्ष दात दाखवताहेत. मी छाती पुढे काढून पिस्तूल आभाळाकडे केलंय, आणि माझे दोन्ही डोळे मिटलेले आले आहेत. डाव्या कडेला, अर्धी कापली गेलेली, दाराची पायरी दिसते. तिथे जसिंता बसली आहे. इतका वेळ मूठ धरून तिची बोटं आवळली गेली होती, उघडत नव्हती. समोर उकिडवे बसलेले वामनकाका तिची बोटं एकेक करून सोडवताहेत. त्यांचं तोंड दिसत नाही, नुसती वाकलेली पाठ आणि हात. चार बोटं सुटली आहेत. करंगळी तेवढी अजून मिटलेली आहे.